पानिपतचा धूर मोजणारा उघडा कोड

मराठी माणसाला पानिपत म्हटले की १४ जानेवारी १७६१ आठवतो. दर संक्रांतीला महाराष्ट्रातून माणसे त्या मैदानावर जातात आणि काला अंबच्या स्मारकापुढे माथा टेकवून परततात. पुण्याच्या पाषाण भागातल्या भारतीय उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेत मात्र पानिपतचे नाव सध्या वेगळ्याच कारणाने निघते. हिवाळ्यात दिल्लीच्या हवेत साचणाऱ्या सूक्ष्म धूलिकणांत कोणत्या जिल्ह्याचा वाटा किती, याचा अंदाज या संस्थेची निर्णय-साहाय्य प्रणाली २०२१ पासून देत आली आहे. त्या यादीत सोनीपत, रोहतक, झज्जर यांच्या पंगतीत पानिपतही असते. तेलशुद्धीकरण कारखाना, औष्णिक वीजकेंद्र, जुन्या कपड्यांपासून सूत आणि ब्लँकेटे बनवणाऱ्या गिरण्या, रंगाईचे कारखाने आणि भाताच्या कापणीनंतर पेटणारी शेते एवढे सगळे एकाच जिल्ह्यात आहे. तिथला धूर दिल्लीपर्यंत किती पोहोचतो, ते गणित पुण्यात मांडले जाते.

हे गणित ज्या प्रोग्रॅमवर चालते त्याचे नाव डब्ल्यूआरएफ-केम. हवामान आणि हवेतली रासायनिक घडामोड एकत्र सोडवणारा हा प्रोग्रॅम अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्रासह अनेक संस्थांच्या सहकार्याने तयार झाला. त्याचा सोर्स कोड सगळ्या जगाला खुला आहे. पुण्यातल्या शास्त्रज्ञांना त्यासाठी कोणाची परवानगी मागावी लागली नाही की पैसे मोजावे लागले नाहीत.

या प्रोग्रॅमच्या पोटात शिरून एक बारकी गोष्ट पाहण्यासारखी आहे. उत्तर भारताच्या नकाशावर चौकोनांची जाळी टाकलेली असते. एक चौकोन साधारण १० किलोमीटरचा. असे हजारो चौकोन, प्रत्येकावर हवेचे अनेक थर, आणि प्रत्येक थरात तापमान, वारा, बाष्प, धूलिकण. एका प्रोसेसरने हे काम करायचे म्हटले तर उद्याचा अंदाज परवा हाती येईल. म्हणून नकाशाचे तुकडे पाडून ते शेकडो प्रोसेसरना वाटून देतात. समजा, पानिपतचा चौकोन एका प्रोसेसरच्या तुकड्यात अगदी कडेला आला आणि लगतचा सोनीपतचा चौकोन दुसऱ्याच्या तुकड्यात गेला. धूर काही ही सीमा ओळखत नाही. वारा उत्तरेकडून असेल तर पानिपतवरची हवा पुढच्या क्षणी सोनीपतवर असणार. त्यामुळे गणिताच्या प्रत्येक पावलावर पहिल्या प्रोसेसरने आपल्या कडेच्या पट्टीतले सगळे आकडे गोळा करून, एका गठ्ठ्यात बांधून शेजाऱ्याला पाठवायचे आणि शेजाऱ्याचे आपण घ्यायचे. गठ्ठा उशिरा आला तर थांबायचे. चुकून जुना गठ्ठा वापरला तर अंदाज चुकलाच, आणि तो चुकल्याचे कोणाला कळणारही नाही.

हे गठ्ठे बांधण्याचे आणि सोडण्याचे काम डब्ल्यूआरएफमध्ये आरएसएल-लाइट नावाची छोटीशी लायब्ररी करते. लायब्ररी म्हणजे एकदा लिहून ठेवलेला आणि पुन्हा पुन्हा वापरायचा कोड. तिची पूर्वज असलेली आरएसएल ही लायब्ररी जॉन मिकॅलाकस यांनी १९९०च्या दशकात अमेरिकेतल्या आर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत, तेव्हाच्या एका हवामान प्रोग्रॅमच्या गरजेसाठी लिहिली होती. प्रयोगशाळेच्या घरच्या कामासाठी लिहिलेली ती वस्तू होती. ती उघडी ठेवली गेली, पुढच्या प्रोग्रॅममध्ये उतरली, जगभर गेली, आणि आज पानिपतच्या धुराचे आकडे एका प्रोसेसरकडून दुसऱ्याकडे तीच नेते.

पुण्यात असा कोड लिहिणारी माणसे नव्हती असे नाही. उलट, अनेक प्रोसेसरना एकाच वेळी कामाला लावण्याचे शास्त्र भारतात ज्या शहराने सर्वांत जिद्दीने अंगावर घेतले, ते पुणेच. तरीही जगभरच्या समांतर संगणनाच्या रोजच्या वापरात पुण्यात जन्मलेल्या लायब्ररीचे नाव ऐकू येत नाही. कर्तबगारी कमी पडली म्हणून हे झाले नाही. लिहिलेला कोड संस्थेच्या आणि यंत्राच्या बाहेर गेला नाही म्हणून झाले. जनतेच्या पैशातून लिहिलेल्या अशा लायब्रऱ्या मुक्त परवान्याखाली खुल्या व्हायला हव्यात, आणि त्याची सुरुवात पुण्याच्याच सी-डॅक या संस्थेने करायला हवी.

सी-डॅकची कथा महाराष्ट्राला अभिमानाची आहे. १९८०च्या दशकाच्या अखेरीस दिल्लीच्या मौसम भवनात हवामान अंदाजासाठी क्रे कंपनीचा एक्स-एमपी महासंगणक आला. त्याहून ताकदवान यंत्र बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हवे होते, ते अमेरिकेने दिले नाही. मार्च १९८८ मध्ये पुण्यात प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, स्थापन झाले आणि त्याची धुरा डॉ. विजय भटकर यांच्याकडे आली. मुदत होती तीन वर्षांची. एकच अजस्र वेगवान प्रोसेसर बनवणे आवाक्याबाहेरचे होते, म्हणून गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरातल्या या चमूने बरेच छोटे प्रोसेसर एकत्र जोडण्याचा मार्ग धरला. ब्रिटनच्या इनमॉस कंपनीचा ट्रान्सप्युटर हा प्रोसेसर त्यांनी निवडला, कारण शेजाऱ्याशी बोलण्यासाठी चार तारांची सोय त्याच्या अंगातच होती. १९९१ मध्ये ६४ प्रोसेसरचा परम ८००० उभा राहिला. तो परदेशांतही गेला.

यंत्र जोडणे हा कामाचा अर्धा भाग. त्या ६४ जणांना एकमेकांत न अडखळता काम करायला लावणारे सॉफ्टवेअर हा दुसरा, आणि जास्त अवघड. सी-डॅकने त्यासाठी ‘परास’ हे प्रोग्रॅमिंगचे वातावरण घरीच तयार केले. पुढे परम १०००० आणि परम पद्म आले, तेव्हा ‘क्षिप्रा’ नावाचा संदेशवहनाचा थर आणि एमपीआय या जागतिक प्रमाणाची स्वतःची आवृत्ती सी-एमपीआय हीही तिथेच लिहिली गेली. परम पद्म २००३ मध्ये जगातल्या पहिल्या ५०० महासंगणकांच्या यादीत पोहोचला. यादीत नाव यंत्राचे लागते. त्याखालच्या सॉफ्टवेअरवर ज्या तरुण मुला-मुलींनी रात्री जागवल्या, त्यांच्या कामाचा तिथे उल्लेख नसतो.

त्या काळात देशात असे प्रयत्न एकट्या पुण्यात चालले नव्हते. बंगळूरच्या राष्ट्रीय वांतरिक्ष प्रयोगशाळेत १९८६ पासून ‘फ्लोसॉल्व्हर’ होता. मुंबईत तुर्भ्याच्या भाभा अणुसंशोधन केंद्राने ‘अनुपम’ बांधला आणि त्यासाठी ‘अनुलिब’ ही स्वतःची समांतर लायब्ररी लिहिली. संरक्षण संशोधन खात्याचा ‘पेस’ होता, दूरसंचार क्षेत्रातल्या सी-डॉट या सरकारी संस्थेचा ‘चिप्स’ होता. सगळ्यांचा प्रश्न एकच होता, अनेक प्रोसेसरमध्ये काम कसे वाटायचे आणि निरोप कसे पोहोचवायचे. उत्तर मात्र प्रत्येकाने आपापल्या भिंतीआड, पहिल्यापासून शोधले. अनुपमसाठी लिहिलेला प्रोग्रॅम परमवर चढवायचा तर बराचसा पुन्हा लिहावा लागणार. मुंबई-पुण्यात १५० किलोमीटरचे अंतर, दोन्ही संस्थांचा पैसा एकाच सरकारच्या तिजोरीतून, आणि तरी ही स्थिती.

त्याच वर्षांत आर्गॉनमध्ये काय चालले होते? तिथेही पी-फोर आणि कॅमेलियन अशा घरगुती लायब्रऱ्या होत्या. ओक रिजच्या प्रयोगशाळेत पीव्हीएम होती. निरनिराळ्या संगणक कंपन्यांच्या तर आपापल्या वेगळ्या. हा गोंधळ परवडणार नाही हे ओळखून १९९२ पासून विद्यापीठे, प्रयोगशाळा आणि कंपन्या एकत्र बसल्या आणि १९९४ मध्ये एमपीआय हे सामायिक प्रमाण ठरले. आर्गॉनचे विल्यम ग्रॉप, युइंग लस्क आणि त्यांचे सहकारी प्रमाणाची चर्चा चालू असतानाच, पी-फोर आणि कॅमेलियनचाच पाया घेऊन, त्याची चालती आवृत्ती लिहीत होते. तिचे नाव एमपीआयसीएच. ती कोणालाही फुकट मिळे, कोणालाही बदलता येई. क्रे, इंटेल, आयबीएम यांनी पुढे स्वतःच्या यंत्रांसाठी ज्या आवृत्त्या काढल्या, त्यांतल्या कित्येक तिच्यावरच उभ्या आहेत. तीस वर्षांनंतरही तिचे काम चालू आहे.

परासच्या वाट्याला हे आले नाही. ट्रान्सप्युटरची पुढची पिढी वेळेवर आली नाही, बाजार दुसऱ्या प्रोसेसरकडे वळला, सी-डॅकलाही वळावे लागले. यंत्र बदलले की त्याला बांधलेले सॉफ्टवेअर मागे पडते. बाहेरच्या कोणाच्या हातात ते असते, तर एखाद्या विद्यार्थ्याने ते नव्या यंत्रावर चढवून पाहिले असते. आज परासची माहिती हवी असेल तर त्या काळचे शोधनिबंध चाळावे लागतात.

घरातली लायब्ररी खुली करा, हा आग्रह कोणत्याही सॉफ्टवेअरबाबत धरता येईल. एकाच वेळी अनेक कामे चालवणाऱ्या कोडबाबत तो जास्त जोराने धरायला हवा, कारण त्यातले दोष वेगळ्या जातीचे असतात. साध्या प्रोग्रॅममधली चूक तीच माहिती दिली की पुन्हा तशीच दिसते. इथे तसे नाही. दोन कारकून एकाच खातेवहीत एकाच ओळीवर लिहू लागले तर काय उमटेल हे कोणाचा हात कधी पडला यावर ठरते. हजार वेळा नीट उमटेल आणि एकदा घोळ होईल. संगणकवाले याला रेस कंडिशन म्हणतात. घोळ पुन्हा घडवून दाखवता येत नाही, म्हणून तो पकडताही येत नाही.

१४ ऑगस्ट २००३ ची दुपार याचे सर्वांत भयंकर उदाहरण आहे. अमेरिकेच्या ओहायो राज्यात फर्स्टएनर्जी या वीज कंपनीच्या नियंत्रण कक्षातली धोक्याची सूचना देणारी यंत्रणा दुपारी सव्वादोनच्या सुमारास मुकाट्याने बंद पडली. पडद्यावर जुनेच चित्र होते. बाहेर तारा झाडांना टेकून एकेक वाहिनी तुटत होती आणि आतल्या कर्मचाऱ्यांना तासाभरापेक्षा जास्त काळ त्याचा पत्ता नव्हता. चारनंतर सगळे जाळे कोसळले. अमेरिकेची आठ राज्ये आणि कॅनडाचा ओंटारिओ प्रांत मिळून सुमारे पाच कोटी लोक अंधारात गेले. जनरल इलेक्ट्रिकने बनवलेल्या त्या प्रणालीचा लाखो ओळींचा कोड अभियंते कित्येक आठवडे उपसत बसले. सापडले ते असे: दोन प्रक्रियांना एकाच माहितीवर एकाच क्षणी लिहायची मुभा मिळाली होती आणि त्या गोंधळात सूचना देणारी प्रक्रिया एकाच फेऱ्यात अडकून राहिली. तीच प्रणाली इतर ठिकाणी मिळून ३० लाखांहून अधिक तास चालली होती. तो दोष एकदाही वर आला नव्हता.

एका संस्थेत, एका प्रकारच्या यंत्रावर, ठरावीक दहा माणसांनी कितीही कसून तपासले तरी असा दोष लपून राहू शकतो. त्याला हुडकायला वेगवेगळी यंत्रे, वेगवेगळे भार आणि आपल्या गरजेपोटी कोडची चिरफाड करणारे अनोळखी लोक लागतात. बंद दाराआडच्या लायब्ररीला हे कधीच मिळत नाही. सी-डॅककडे उत्तम अभियंते आहेत, पण जगातल्या सगळ्या यंत्रांचे वैविध्य कोणत्याही एका संस्थेकडे असू शकत नाही.

घरातली अशी वस्तू बाहेर काढल्याचे सर्वांत सुंदर उदाहरण ज्याच्या-त्याच्या खिशात आहे. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या सीक्वेंट या कंपनीत पॉल मॅकेनी आणि जॅक स्लिंगवाइन यांनी एक युक्ती काढली. अनेक प्रोसेसर एकच माहिती सतत वाचत असतील आणि ती क्वचितच बदलत असेल, तर वाचणाऱ्यांना कुलपापाशी रांगेत का उभे करायचे? ज्याला बदल करायचा त्याने नवी प्रत बाजूला तयार करावी, एका फटक्यात जुनीच्या जागी ठेवावी, आणि जुनी वाचत असलेले सगळे बाहेर पडेपर्यंत थांबून मगच ती फेकावी. या युक्तीला पुढे आरसीयू असे नाव मिळाले. सीक्वेंटने १९९५ मध्ये तिचे पेटंट मिळवले आणि ती आपल्या बंदिस्त डायनिक्स प्रणालीत वापरली. १९९९ मध्ये आयबीएमने सीक्वेंट विकत घेतली. डायनिक्सचा शेवट दिसत होता. तिच्याबरोबर आरसीयूही गडप झाली असती. आयबीएमने ती पेटंटच्या परवानगीसह लिनक्सला देऊन टाकली. लिनक्सच्या चौकटीत ती बसवण्याचे काम ज्यांनी केले, त्यांत आयबीएमच्या बंगळूर केंद्रातले दीपंकर सर्मा होते. ऑक्टोबर २००२ मध्ये ती लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये दाखल झाली. प्रत्येक अँड्रॉइड फोनच्या तळाशी लिनक्स असते, म्हणजे भारतातल्या गावोगावी ती आज चालते.

हे निर्वेध झाले असे मात्र नाही. मार्च २००३ मध्ये एससीओ या कंपनीने आयबीएमवर खटला भरला आणि आरसीयूसारख्या गोष्टी लिनक्सला देण्याचा अधिकार आयबीएमला नव्हताच, असा दावा केला. तो वाद मिटायला २०२१ उजाडले. कोड खुला करायचा म्हटले की संस्थेच्या विधी विभागाला घाम फुटतो, ती भीती अगदीच निराधार नसते. कोणती ओळ कोणी लिहिली, कोणाच्या पगारावर असताना लिहिली, बाहेरचे काही मिसळले आहे का, पेटंट कोणाकडे, हे सगळे आधी नीट तपासलेच पाहिजे. पण आयबीएमने खटल्याला भिऊन कोड मागे घेतला नाही, हेही त्याच प्रकरणातले सत्य आहे.

दुसरा आक्षेप सुरक्षेचा. महासंगणक म्हणजे अण्वस्त्रे, क्षेपणास्त्रे, गुप्तलेखन. मग त्याचा कोड जगाला का दाखवायचा? या आक्षेपात दोन निराळ्या गोष्टींची सरमिसळ आहे. क्षेपणास्त्राचे गणित गुप्त ठेवायचे असेल तर जरूर ठेवावे. कडेच्या पट्टीतले आकडे शेजाऱ्याला पोहोचवणारी लायब्ररी म्हणजे ते गणित नव्हे. अमेरिकेच्या ज्या ऊर्जा खात्याकडे तिथल्या अण्वस्त्रांची जबाबदारी आहे, आर्गॉन आणि ओक रिज या प्रयोगशाळा त्याच खात्याच्या आहेत. त्यांनी एमपीआयसीएच आणि पीव्हीएम खुल्या केल्या. शिवाय आपल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतल्या यंत्रांवर आज काय चालते तेही पाहावे. खाली लिनक्स, कामे रांगेत लावायला स्लर्म, निरोप पोहोचवायला ओपन एमपीआय किंवा एमव्हापिच, सगळे मुक्तस्रोत. यांतली एमव्हापिच तर मूळचे भारतीय असलेले धबलेश्वर पांडा यांच्या चमूने ओहायो राज्य विद्यापीठात विकसित केली. जगाच्या खुल्या कोडवर आपली यंत्रे सुरक्षित चालत असतील, तर आपण लिहिलेला कोड खुला झाल्याने ती असुरक्षित होतील हे म्हणणे टिकत नाही.

तिसरी अडचण फारशी बोलून दाखवली जात नाही: आपला कोड चारचौघांत नेण्याचा संकोच. घाईत लिहिलेला, टिपणे नसलेला, कोणा गेलेल्या सहकाऱ्याच्या नावाने व्हेरिएबल असलेला. ‘आधी साफ करू, मग खुला करू’ म्हणता म्हणता प्रकल्प संपतो. इथे स्वीडनच्या एरिक्सनची गोष्ट सांगण्यासारखी आहे. टेलिफोन एक्स्चेंजमध्ये एकाच वेळी हजारो संभाषणे सांभाळण्यासाठी जो आर्मस्ट्राँग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथे अर्लांग ही भाषा तयार केली. १९९८च्या सुरुवातीला कंपनीच्या रेडिओ विभागाने नव्या उत्पादनांत अर्लांग वापरायला बंदी घातली. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने ती मुक्तस्रोत म्हणून खुली केली. घरात नको झालेल्या त्या भाषेवर पुढे परक्या लोकांनी व्हॉट्सॲपचे सर्व्हर उभारले, आणि कालांतराने एरिक्सनमध्येही ती पुन्हा वापरात आली.

भारत सरकारकडे याविषयीचे धोरण नाही असेही नाही. सरकारी कामात मुक्तस्रोत सॉफ्टवेअरला प्राधान्य द्यावे हे धोरण मार्च २०१५ मध्ये आले. सरकारी ॲप्लिकेशनचा सोर्स कोड खुला करून सहकार्याने विकसित करण्याचे धोरणही त्याच वर्षीचे. त्यासाठी पुढे ‘ओपनफोर्ज’ हे व्यासपीठही उभे राहिले. मात्र या सगळ्याचा रोख प्रशासनाच्या ॲप्लिकेशनवर आहे. संशोधन संस्थांमध्ये तळाशी लिहिल्या जाणाऱ्या लायब्रऱ्यांचा विचार त्यात फारसा दिसत नाही, आणि दीर्घकाळ उपयोगी पडणारी गोष्ट तर तीच असते.

कोड नुसता चव्हाट्यावर टाकला म्हणजेही काम होत नाही. २६ मे २०२० रोजी कोविडकाळातल्या आरोग्य सेतू या सरकारी ॲपच्या अँड्रॉइड आवृत्तीचा कोड जाहीर झाला. दोष शोधणाऱ्यांना बक्षिसेही जाहीर झाली. स्वागत झाले ते योग्यच होते. पण पुढचे रोजचे काम त्या उघड्या जागी होत नाही, फोनमधले ॲप आणि जाहीर केलेला कोड यांचा मेळ लागत नाही, अशी टीका तज्ज्ञांनी लवकरच सुरू केली. खुले करणे म्हणजे त्यानंतरची प्रत्येक दुरुस्ती सगळ्यांसमोर करणे. बाहेरच्या माणसाने दोष कळवला तर त्याला उत्तर देणे. चाचण्या कोडबरोबर देणे. नव्या माणसाला तासाभरात ती लायब्ररी स्वतःच्या लॅपटॉपवर चालवता येईल इतपत माहिती लिहिणे. आणि या सगळ्यासाठी एका माणसाचा पगार, बढती आणि वेळ राखून ठेवणे. सरकारी संस्थांत घोडे अडते ते या शेवटच्या गोष्टीपाशी. शोधनिबंध मोजले जातात, पेटंटे मोजली जातात. दहा वर्षे एक लायब्ररी जिवंत ठेवणाऱ्याची कामगिरी कोणत्या रकान्यात भरायची हे कोणालाच ठाऊक नसते. हा रकाना तयार करणे सी-डॅकच्या आणि केंद्र सरकारच्या संबंधित मंत्रालयाच्या हातात आहे.

खाजगी क्षेत्रात हे जमवून दाखवणारे लोक महाराष्ट्रातच आहेत. मुंबईच्या फ्रापे कंपनीने स्वतःच्या व्यवसाय-व्यवस्थापन सॉफ्टवेअरसाठी लिहिलेली चौकट मुक्त परवान्याखाली ठेवली. तिचे संस्थापक ऋषभ मेहता आणि सहकारी वर्षानुवर्षे ती उघड्यावर विकसित करत आले. परदेशांतल्या कंपन्याही ती वापरतात. उत्पन्नाची सोय, खुला कोड आणि रोजची देखभाल या तिन्ही गोष्टी भारतात बसून एकत्र सांभाळता येतात, हे त्यांनी सिद्ध केले आहे.

हा विषय आत्ताच काढण्याला कारण आहे. २०१५ मध्ये ४,५०० कोटी रुपयांची तरतूद करून सुरू झालेल्या राष्ट्रीय महासंगणन मोहिमेतून देशात बनलेली यंत्रे आता प्रत्यक्ष उभी राहिली आहेत. २६ सप्टेंबर २०२४ रोजी तीन ‘परम रुद्र’ देशाला अर्पण झाले: एक पुणे जिल्ह्यातल्या खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीसाठी, दुसरा दिल्लीत आणि तिसरा कोलकात्यात. ‘रुद्र’ सर्व्हरची रचना सी-डॅकची. प्रोसेसरांना एकमेकांशी जोडणारे ‘त्रिनेत्र’ हे जाळेही सी-डॅकच घडवत आहे. म्हणजे १९९१ च्या वळणावर आपण पुन्हा आलो आहोत. नवे स्वदेशी जोडजाळे म्हटले की त्याच्यासाठी निरोप पोहोचवणारा, अनेक प्रोसेसरना ताळ्यावर ठेवणारा नवा कोड लिहावाच लागतो. तो कोड पुन्हा केवळ सी-डॅकच्या यंत्रांपुरता राहिला, तर पुढच्या पिढीच्या जाळ्याबरोबर त्याचीही गत परासची होईल.

तो पहिल्या दिवसापासून खुल्या प्रवाहात जायला हवा. लिनक्ससाठीचा भाग लिनक्सच्या मुख्य कोडमध्ये, संदेशवहनाचा भाग ओपन एमपीआय आणि एमपीआयसीएच यांच्या मुख्य कोडमध्ये. तिथले देखभाल करणारे लोक कडक असतात; दहा वेळा परत पाठवतील, कारणे विचारतील. तो मार सोसलेला कोड पक्का होतो आणि लिहिणाराही तयार होतो. पुण्यातल्या एखाद्या अभियांत्रिकी महाविद्यालयातली मुलगी मग त्रिनेत्रच्या कोडमधला एखादा लॉक चुकीच्या जागी असल्याचे दाखवून देऊ शकेल. आज तिला अशी संधी अमेरिकेतल्या किंवा जर्मनीतल्या लायब्ररीत मिळते, सी-डॅकच्या लायब्ररीत मिळायला हवी.

त्याचा लाभ पाषाणमधल्या हवामान संस्थेलाही होईल. दिल्लीच्या प्रदूषणाचे वाटे सांगणाऱ्या प्रणालीवर गेल्या काही वर्षांत बरेच प्रश्न विचारले गेले. उत्सर्जनाची माहिती जुनी आहे ही टीका झाली, २०२४च्या हिवाळ्यात ती काही काळ थांबवलीही गेली. पानिपतच्या गिरणीमालकाला किंवा शेतकऱ्याला तुमचा धूर दिल्लीला एवढा पोहोचतो असे सांगायचे, तर तो आकडा कसा निघाला हे तपासण्याची सोय त्याच्या बाजूच्या तज्ज्ञालाही असली पाहिजे. प्रोग्रॅमचा गाभा खुला आहेच. त्यात पुण्यात केलेले बदल, त्याला पुरवलेली उत्सर्जनाची माहिती आणि तो भारतीय यंत्रांवर चालवण्यासाठी लागणारा कोड, हे सगळे एकाच ठिकाणी खुले मिळाले तर वाद आकड्यांवर होईल.

आणि जुन्याचे काय? परास, क्षिप्रा, अनुलिब यांचा कोड आज जसाच्या तसा कोणी चालवणार नाही, हे उघड आहे. पण मर्यादित साधनांत ६४ प्रोसेसर कसे नांदवले याची ती लेखी नोंद आहे, आणि समांतर संगणन शिकणाऱ्या भारतीय विद्यार्थ्याला ती मूळ स्वरूपात वाचता आली पाहिजे. १९८८ मध्ये गणेशखिंडीत पंचविशीत रुजू झालेले अभियंते आता निवृत्त झाले आहेत. कोणत्या टेपवर काय आहे, कोणत्या फाइलमध्ये कोणता बदल का केला, हे त्यांनाच सांगता येईल. सी-डॅकने त्यांना बोलावून हे काम याच वर्षी हाती घ्यावे. परवान्याचा मसुदा आणि नव्या लायब्रऱ्यांचे वेळापत्रक त्याबरोबरच जाहीर करावे.